अठ्ठावीस गाद्यांच्या बदल्यात

पहाटे फजरची नमाज झाली की अब्बांची पिंजण सुरू व्हायची. आमचं घर राळेगावात, बाजाराच्या ओट्यांमागच्या गल्लीत होतं. पुढची खोली कामाची, मागची राहण्याची आणि मधे गोणपाटाचा पडदा. पुढच्या खोलीत आड्याला बांबू वाकवून बांधलेला होता आणि त्याला दोरीने पिंजण टांगलेली असे. पिंजण म्हणजे माणसाच्या उंचीचं लाकडी धनुष्य आणि त्याला जनावराच्या आतड्याची ताणून बांधलेली तांत. अब्बा डाव्या हाताने पिंजण धरून तांत रुईच्या, म्हणजे कापसाच्या ढिगात बुडवत आणि उजव्या हातातल्या डमरूसारख्या लाकडी ठोकळ्याने तिच्यावर मारत. ठण्ण, धुम्म. ठण्ण, धुम्म. वर्षभर अंगाखाली दबून दगड झालेली लोकांच्या गाद्यांची रुई त्या ठोक्यांनी मोकळी होऊन भिंतीपर्यंत उडायची. आज माझ्या दुकानामागच्या पिंजायच्या मशिनीजवळ बोलायचं तर ओरडावं लागतं. पिंजणीजवळ ओरडावं लागत नसे, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बोलून घ्यावं लागे. त्यामुळे आमच्या घरात सगळेच तोडून तोडून बोलत. भांडणसुद्धा तसंच व्हायचं.

रुई कुठे नव्हती? केसांत, भुवयांवर, पाण्याच्या माठावर टाकलेल्या फडक्यावर. अम्मा परातीत ज्वारीचं पीठ मळायला बसली की आधी पिठावर फुंकर मारी, आणि तरी भाकरी मोडताना एखादा तंतू निघायचाच. अंबाडीची आंबट भाजी, वरून लसणाची फोडणी, कधी तुरीचं घट्ट वरण, आणि बाजाराच्या दिवशी थोडी रक्कम हातात आली तर हाडांचा पातळ रस्सा. चहा गुळाचा, काळा. आम्ही बोलायचो अर्धं वऱ्हाडी, अर्धं मुसलमानी हिंदी. एका वाक्यात दोन्ही भाषा यायच्या आणि कोणाला त्यात वावगं वाटत नसे. थोरला भाऊ नागपूरच्या गिरणीत कामाला गेला आणि तिकडेच संसार मांडून बसला. त्यानंतर अब्बांचा उजवा हात गेला असं सगळी गल्ली म्हणायची. घरात उरलो आम्ही तिघं.

सौदा मी अम्माकडून शिकले. ती दर आठवड्याला बाजारात रजया घेऊन बसायची आणि मी तिच्या मागे. गिऱ्हाइकाने किंमत विचारली की ती आधी रजई उलगडून त्याच्या हातात द्यायची. "हात तं लावून पाहा, बापू. भाव कुठी पयून राह्यला?" हातात घेतलेली वस्तू खाली ठेवणं माणसाला जड जातं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिचं एकच सांगणं असे, की आपल्याला काय पाहिजे ते समोरच्याला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही. मी हे ऐकलं, पुढे आयुष्यभर व्यापारात पाळलं, आणि जिथे पाळायला हवं होतं त्या एका जागी विसरले. ते सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहिते आहे.

मुलींच्या शाळेत देशकर बाई हेडबाई होत्या. लहानपणी विधवा झालेल्या, पांढरं लुगडं, पायात पुरुषी वहाणा. शनिवारी शाळा सुटली की त्या सातवी झालेल्या मुलींना मागच्या खोलीत बसवून नोकरी कशी मिळवायची ते शिकवायच्या. असं शिकवणारं त्या काळी दुसरं कोणी मी ऐकलं नाही. आम्ही सुरुवातीला पाच जणी होतो. दोघींची लग्नं झाली, एकीचं येणं घरच्यांनी बंद केलं, आणि उरलो मी आणि कमल. कमलचे वडील गावाबाहेरच्या चाळीस एकर कपाशीचे मालक, घरी सालदार, दारात बैलांची दमणी. तिला नोकरीची गरज नव्हती. पण हौस होती, आणि वडील हौस पुरवणारे होते.

बाई एकच अर्ज आमच्याकडून वीस वेळा लिहून घेत. मी पहिल्या अर्जात लिहिलं होतं की आमची परिस्थिती हलाखीची असून वडील वृद्ध आहेत. बाईंनी ती ओळ लाल शाईने खोडली. "गरिबी कशाला लिहिलीस? त्यांना कीव आली तर आठ आणे देतील. नोकरी देणार नाहीत. तुला काय येतं ते लिही." मुलाखतीची तालीम घेताना त्या खुर्चीवर साहेब होऊन बसायच्या आणि मुद्दाम वाकडे प्रश्न विचारायच्या. "खेड्यात एकटी राहशील का?" असं त्यांनी विचारल्यावर कमल म्हणाली, "घरी विचारून सांगते." बाईंनी छडी टेबलावर आपटली. "संपलं! उठ! हे वाक्य तोंडातून गेलं की साहेब पुढचं नाव पुकारतो." मग त्यांनी आम्हाला सायकल शिकवली, शाळेच्या पटांगणात, शिपायाच्या सायकलवर. मी दोनदा पडले, गुडघे फोडून घेतले, आणि अम्माने त्यावर हळद भरताना विचारलं, "हे कोनतं शिक्षन होय वं?" आणखी एक गोष्ट बाई प्रत्येक शनिवारी सांगायच्या. कोणताही कागद हातात आला की उजेडात धरून वरपासून खालपर्यंत बघायचा, सही बघायची, शिक्का बघायचा, आणि मग घडी घालायची.

मागच्या वर्षी यवतमाळच्या एका कॉलेजने मला मुलींपुढे बोलायला बोलावलं होतं. मागे फलक होता, त्यावर करिअर मार्गदर्शन असं लिहिलेलं. एका चुणचुणीत मुलीने विचारलं, मॅडम, तुमच्या यशाचं रहस्य काय? मी म्हटलं, कष्ट आणि जिद्द. टाळ्या झाल्या, नारळ मिळाला. घरी येताना मला माझीच चीड आली. कष्ट तर आमच्या गल्लीतली गाढवंही करायची.

ग्रामसेविकेच्या ट्रेनिंगची जाहिरात बाईंनी आणली. परगावी राहून ट्रेनिंग, दरमहा विद्यावेतन, आणि नंतर नोकरी. गावोगाव फिरायचं, बायांना बाळाची निगा, शिवण, बिनधुराची चूल शिकवायची. सातवी पास चालत होती. आमच्या भागातून एकच जागा होती. मी आणि कमल दोघींनी अर्ज केला. मुलाखतीला बाई आम्हाला यवतमाळला घेऊन गेल्या. अब्बांनी हरकत घेतली नाही. "जाऊ दे पोरीले. यवतमाय पाहून येईन," एवढंच ते अम्माला म्हणाले. मला कोणी निवडेल हे त्यांच्या मनातही नव्हतं.

साहेबाने मला विचारलं, बायांनी तुमचं ऐकलं नाही तर काय कराल? मी म्हटलं, आधी त्यांच्या हातात वस्तू देईन, मग बोलेन. साहेब हसला, त्याने शेजारच्याकडे पाहिलं, आणि माझं काम झालं हे मला तिथेच समजलं. महिन्याभराने पत्र आलं. निवड माझी. कमलचं नाव त्याखाली, मी न गेल्यास तिला जागा. मी दोन महिन्यांत कागद द्यायचे होते: शाळेचा दाखला, वयाचा दाखला, वैद्यकीय दाखला, आणि मुलीचं लग्न झालेलं नसेल तर पालकाचं संमतिपत्र, सही किंवा अंगठ्यासह.

मी ते पत्र अब्बांना वाचून दाखवलं. त्यांनी ठोका थांबवला नाही. वाचून झाल्यावर म्हणाले, "नाही."

"काहून?"

"नाही म्हनलं ना."

मी रडले नाही. अम्मा रडली. मी आठ दिवस विचार केला, आणि नवव्या दिवशी सौदा घेऊन गेले. लग्नसराई तोंडावर होती. लग्नात मुलीला गादी, रजई, उशा द्यायची रीत, त्यामुळे त्या तीन महिन्यांत आमचं वर्षाचं पोट भरायचं. भाऊ गेल्यापासून अब्बांच्या एकट्याने काम उरकत नव्हतं, गिऱ्हाइकं परत जात होती. पण पिंजणीला बाईने हात लावायचा नाही अशी आमच्यात रीत होती. बायांनी खोळी शिवायच्या, भरायच्या, टाके घालायचे. पिंजायचं पुरुषाने.

"सराईत मी पिंजते," मी म्हटलं. "दार लावून पिंजीन, कोनाले दिसनार नाही. बदल्यात तुम्ही कागदावर अंगठा द्यायचा."

ठोका थांबला. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं तसं ते गिऱ्हाइकाकडे बघायचे. मग खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी स्वतःच्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. गुरांच्या बाजारात असा सौदा होतो. कापडाखाली बोटं धरून आकडा ठरवायचा, तोंडाने बोलायचं नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सौद्यातला माणूस धरलं होतं. मी पंच्याखाली हात घातला. मी वीस सांगितल्या, त्यांनी बोटं दाबून पस्तीस. मी चोवीस, ते तीस. आमची बोटं अठ्ठावीसवर थांबली. अठ्ठावीस गाद्यांची रुई मी पिंजायची. त्यांचा अंगठा माझ्या तळव्याला लागला तेव्हा कवडीसारखा गुळगुळीत लागला. मला वाटलं, किती मऊ हात आहे अब्बांचा. इतकी मी शहाणी होते.

पिंजण हलकी दिसते, पण पहिल्या दिवशी माझा डावा खांदा उतरल्यासारखा झाला. ठोका फार जोरात बसला तर तांत तुटायची, हळू बसला तर रुई फुटायची नाही. दार बंद, खिडकी बंद, वर पत्रा तापलेला आणि हवेत तरंगणारी रुई. अम्माने तोंडाला फडकं बांधून दिलं. ते संध्याकाळी सोडलं की आतून काळं झालेलं असे, कारण जुन्या गाद्यांत रुईपेक्षा धूळ जास्त. आठव्या-नवव्या गादीपर्यंत मला ठोक्याचं मर्म सापडलं. पंधराव्या गादीला मी अब्बांइतकी रुई काढत होते. विसाव्याला त्यांच्यापेक्षा जास्त. गल्लीला दोन दिवसांत कळलं होतं. बंद दाराआडचा ठोका वेगळा आहे हे कान सांगतात. नळावर बाया अम्माला म्हणायच्या, "काहो, पोरगा आला वाट्टे नागपूरहून?" अम्मा घागर उचलून निघून यायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी गाद्या मोजत होते. त्या सराईत लागलेला खोकला मला अजून आहे. डॉक्टर बदलले, खोकला तोच आहे.

अठ्ठाविसावी गादी झाली तेव्हा मुदतीचे दोन दिवस उरले होते. गुरुवार होता. अब्बांनी हात धुतले, पुसले, ओट्यावर बसले. मी शाळेतून शाईची डबी मागून आणली होती. त्यांनी डावा अंगठा शाईत चांगला दाबला, मग मी बोट ठेवलं होतं तिथे कागदावर दाबला आणि जरा वेळ दाबूनच ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हतं. "घे," म्हणाले. शाई वाळली तशी मी घडी घातली आणि कागद छातीशी धरला. बाईंना दाखवायला जायला हवं होतं. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, कागद द्यायला एकटी जा, नोकरी एकटीनेच करायची आहे. मग दाखवायचं कशाला, असं मला वाटलं. घमेंड होती ती. ज्या पोरीने दोन महिने रुईचा एकेक गठ्ठा उजेडात धरून पाहिला, तिने तो कागद पाहिला नाही.

शुक्रवारी सकाळच्या एसटीने मी यवतमाळला गेले. आयुष्यातला पहिला एकटीचा प्रवास. ऑफिसच्या व्हरांड्यात कमल आणि तिचे वडील बाकावर बसलेले दिसले. कमलने मान खाली घातली. तिचे वडील म्हणाले, "आम्ही आपलं चौकशीले आलो. तुह्यं झालं तं आनंदच हाय."

आतला बाबू चष्मा कपाळावर ठेवून कागद तपासत होता. दाखले बघितले, बाजूला ठेवले. संमतिपत्र उलगडलं आणि खिडकीकडे धरलं.

"हे काय होय?"

"अब्बांचा अंगठा."

"कुठी हाय अंगठा? हा तं शाईचा गोया होय." त्याने कागद माझ्याकडे फिरवला. एक काळा, गोल, भरीव डाग. त्यात एकही रेघ नव्हती. "अंगठ्याले रेघा असतात, पोरी. तुह्या बापाले रेघा नाहीत काय?" शेजारच्या टेबलावरचा हसला. "का तूच फासली शाई?"

मी म्हटलं, माझ्यासमोर दिला. त्याने मान हलवली. असं त्याच्याकडे चालत नव्हतं. वडिलांना समोर आण, नाहीतर दोन साक्षीदारांच्या सह्या आणि सरपंचाचा शिक्का आण, वडिलांनी आमच्यासमोर संमती दिली म्हणून. "उद्या शनिवार हाय. बारा वाजता यादी वर जाते. बारा म्हनजे बारा."

बाहेर कमल उठून उभी राहिली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. "जैतून, मी काही केलं नाही माय," ती म्हणाली. खरंच तिने काही केलं नव्हतं. तिच्या वडिलांच्या कोटाच्या खिशात फौंटनपेन होतं, ते मला अजून दिसतं.

दुपारची एसटी कळंबला पंक्चर झाली. घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता आणि अब्बा पिंजत होते. मी कागद त्यांच्यापुढे धरला.

"अंगठा उठला नाही."

ठण्ण. "मंग?"

"तुम्ही उद्या सकायी चाला. नाहीतं दोन साक्षीदार घेऊन सरपंचाकडे चाला. लगेच."

धुम्म. "मी कायले चालू? अंगठा देतो म्हनलं होतं. देल्ला. उठन म्हनून म्या कधी म्हनलं?"

अम्मा पडद्याआडून पुढे आली. तिच्या हाताला पीठ होतं. "अजी, तुमचा अंगठा सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर तरी कधी उठला? दर साली दोन साक्षीदार नेता ना तुम्ही." आपण काय बोललो ते तिला बोलल्यावर समजलं. मलाही तेव्हाच समजलं. चाळीस वर्षं डाव्या अंगठ्याने तांत दाबून तिचा ताण जोखलेला, चाळीस वर्षं नवी तांत त्याच अंगठ्याने ओढून वळलेली. त्या अंगठ्यावर रेघ राहिलीच नव्हती. हे अम्माला माहीत होतं, सोसायटीच्या कारकुनाला माहीत होतं, आणि अब्बांना तर होतंच. पंच्याखाली हात पुढे केला तेव्हाही माहीत होतं. न चालणारं नाणं देऊन त्यांनी माझ्याकडून अठ्ठावीस गाद्या घेतल्या होत्या.

"तुले मालूम होतं," मी म्हटलं. बापाला आयुष्यात पहिल्यांदा तू म्हटलं.

अब्बांनी ठोकळा खाली ठेवला. ते चिडले नाहीत. व्यापारी आवाजात म्हणाले, "आता दुसरा सौदा कर. पुढची सराई पिंज. मंग मी स्वता यवतमायले येतो, पाहिजे तितके साक्षीदार घेऊन."

मी मागच्या खोलीत गेले, भाजीची विळी उचलली आणि येऊन पिंजणीची तांत कापली. ताणलेली तांत तुटते तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो. तुटलेलं टोक अब्बांच्या गालावर बसलं आणि एक बारीक लाल रेघ उठली. अम्मा किंचाळली. अब्बांनी गाल पुसला, बोटावरचं रक्त पाहिलं आणि मला मारलं नाही. मारलं असतं तर आज मला बरं वाटलं असतं.

उजाडताच मी बाईंकडे गेले. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं आणि पहिलं काय विचारावं? "कागद उजेडात का धरला नाहीस?" वहाणा पायात सरकवून त्या माझ्याबरोबर आमच्या गल्लीत आल्या. त्या गल्लीत बाई कधी आल्या नव्हत्या. अब्बांनी त्यांना नव्या गादीवर बसवलं, अम्माला चहा सांगितला. बाई अर्धा तास बोलल्या. पोरीची हुशारी, सरकारची नोकरी, म्हातारपणची सोय. अब्बा हात जोडून ऐकत होते.

"बाई, तुमचा मान हाय," शेवटी ते म्हणाले. "पन पोर माही हाय."

"मी साक्षीदार होते. दुसरा मी आणते. तुम्ही फक्त सरपंचांच्या घरापर्यंत चला. शंभर पावलं."

"पाय दुखून राह्यले, बाई."

बाईंनी चहाला हात लावला नाही. बाहेर आल्यावर त्या काही बोलतील म्हणून मी त्यांच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत चालले. त्या म्हणाल्या, "आता मला शाळा उघडायची आहे," आणि गेल्या. मी पुढे चावडीजवळ सरपंचांच्या दारात जाऊन उभी राहिले. ते दात घासत होते. म्हणाले, बाप समोर असल्याबिगर शिक्का कसा मारू पोरी, उद्या तो माह्यावर यीन. त्यांचंही बरोबर होतं. त्या दिवशी सगळ्यांचंच बरोबर होतं. यवतमाळची सकाळची एसटी माझ्यासमोरून धूळ उडवत गेली. बारा वाजले तेव्हा मी घरात खोळीला टाके घालत होते, कारण संध्याकाळी एका नवरीची गादी जायची होती आणि ती भरून तयार होती.

कमल ट्रेनिंगला गेली. पुढे ती ग्रामसेविका झाली, जीपमधून फिरली, रिटायर झाली, पेन्शन घेते. भेटली की म्हणते, "तुह्यं बरं झालं माय, नोकरीत काय ठेवलं हाय." मी तिला चहा पाजते. तिच्यावर माझा राग नाही असं मी लोकांना सांगते.

अब्बा दोन दिवस नवी तांत वळत बसले होते. बकऱ्याचं आतडं ओलं करून, दोन खुंट्यांत ताणून, त्याच अंगठ्याने ओढून ओढून. सराईचे दोन दिवस बुडाले, दोन गिऱ्हाइकं कळंबच्या पिंजाऱ्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी समोर जाऊन बसले. राग संपला नव्हता, पण डोकं चालू लागलं होतं. मी विचारलं, "काहून केलं असं?"

त्यांनी तांत ओढत ओढत सांगितलं. आवाजात माया होती, खोटी नव्हती. "पहिले तुले जाऊच देनार होतो. मनात होतं, पोरगी चार गाद्यांत थकन, सोडून देईन. मंग पाहिलं तं तुह्यासारखा हात माह्या पोराचा नव्हता. माह्या बापाचा नव्हता. असा हात कोनी सरकारले देते काय?"

मी हे अनेकदा मनात उलटसुलट केलं आहे. आधी जाऊ देणार होते हे खोटं असेल, चार गाद्यांचं खरं असेल. अंगठा फसवा आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, म्हणजे दोन्ही वाटा त्यांनी उघड्या ठेवल्या होत्या. अब्बा कसलेले व्यापारी होते. पण एवढं निश्चित, की सुटण्यासाठी मी जे काम केलं, तेच इतकं चांगलं केलं की मला सोडणं त्यांना परवडेना. बाजारात अम्माच्या मागे बसून जे शिकले होते ते मी उलटं केलं होतं. मला काय पाहिजे ते पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि माल समोरच्याच्या हातात दिला.

"मंग या हाताची मजुरी लागन," मी म्हटलं. "उद्यापासून."

अब्बांनी मान वर केली. "बापाले मजुरी मांगते?"

"बापाले नाही. मालकाले."

त्यांनी तांतीला आणखी एक पीळ दिला. मग त्यांनी एक आकडा सांगितला. पुरुष पिंजाऱ्याला मिळायचा त्याच्या निम्मा. मी उठले आणि दाराकडे चालू लागले. त्यांनी पाऊण सांगितला. मी थांबले. त्यापुढे ते गेले नाहीत, आणि त्या दिवशी जाण्यासारखी दुसरी जागा माझ्याकडे नव्हती, हे त्यांना माहीत होतं. अशी माझी पहिली नोकरी लागली. ती मी चार वर्षं केली आणि ज्या दिवशी सोडली त्या दिवशी त्यांची निम्मी गिऱ्हाइकं माझ्या यवतमाळच्या नव्या दुकानाकडे वळली. ते मी मुद्दाम केलं.

पहिल्या आठवड्याची मजुरी त्यांनी शुक्रवारी नमाजाहून आल्यावर माझ्या हातावर ठेवली. कमी होती. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"नव्या तांतीचे कापले," अब्बा म्हणाले.

मी विचार करून पाहिला. ते बरोबर होतं. मी मूठ बंद केली आणि आत गेले.